दहा शेतांवरून साऱ्या मंडळाचा अंदाज

ऑक्टोबरचा महिना होता. अकरावीच्या वर्गात सरासरी आणि प्रमाण विचलन शिकवून झाले होते आणि तास संपायला पाच-सात मिनिटे उरली होती. 'काही शंका?' असे मी विचारले. एरवी या प्रश्नाला कोणी दाद देत नाही. त्या दिवशी मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या शेताला लागून असलेल्या शेतात आदल्या आठवड्यात पीक कापणी प्रयोग झाला होता. सरकारी माणसे आली, विमा कंपनीचा माणूस आला. दोरी लावून एक तुकडा आखला, तेवढेच सोयाबीन कापले, मळले, तोलले, कागदावर सह्या घेतल्या आणि सगळे निघून गेले. 'सर, आमच्या शेतात तर कोणी आलंच नाही. मग आमचं किती पिकलं ते त्यांना कसं कळणार?'

तास संपला, पण प्रश्न काही सुटला नाही. पुढचे तीन तास आम्ही त्याच्यावरच घालवले. पाठ्यपुस्तकात 'आकलन' आणि 'विश्वास अंतराल' या नावांची जी कोरडी प्रकरणे असतात, ती या एका प्रश्नातून उलगडत गेली. शिक्षकांना वर्गात करून पाहता येईल अशा रीतीने ते सारे इथे मांडत आहे.

पहिली गोष्ट सरळ सांगून टाकावी. तिच्या शेतात किती पिकले ते या पद्धतीने कळत नाही, आणि कळते असा दावाही कोणी करत नाही. कळते ती साऱ्या महसूल मंडळाची सरासरी, तीही अंदाजाने. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती अशा सरासरीवर. आधीच्या वर्षांच्या उत्पादनावरून एक 'उंबरठा उत्पादन' ठरवलेले असते. यंदाची सरासरी त्याच्या खाली गेली, तर जितके टक्के खाली तितके टक्के विमा संरक्षित रक्कम सर्वांना. खाली गेली नाही, तर या हिशेबाने कोणालाच काही नाही. अलीकडे काही पिकांसाठी उपग्रहावरून केलेल्या अंदाजालाही काही वजन देतात, पण तो विषय वेगळा.

समजा, मंडळात दहा ठिकाणी प्रयोग झाले आणि प्रत्येक ठिकाणी १० मीटर लांब, ५ मीटर रुंद तुकडा कापला. दहा तुकडे मिळून जेमतेम पाच गुंठे जमीन झाली. मंडळात सोयाबीन हजारो हेक्टरवर. पाच गुंठ्यांवरून एवढ्या जमिनीचे अनुमान?

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण खरी ठरते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. मंडळातली जमीन तशी नसते. कुठे काळी कसदार, कुठे मुरमाड, तर कुठे ओढ्याकाठी पाणी साचलेली. म्हणून इथे कोणते शीत उचलायचे याला फार महत्त्व येते. गावे, त्यातले गट नंबर आणि शेतातली जागा हे सारे यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून ठरवायचे असते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, अंक सांगेल तितकी पावले लांबीच्या बाजूने जायचे, दुसरा अंक सांगेल तितकी रुंदीच्या बाजूने आत शिरायचे आणि तिथे खुंटी ठोकायची. समोर पीक दाट असो की विरळ. एवढा खटाटोप माणसाच्या डोळ्याला निवडीची संधी मिळू नये यासाठीच. मंडळ ढवळता येत नाही, म्हणून निवड ढवळायची.

आता आकडे घेऊ. हे आकडे मी वर्गासाठी रचलेले आहेत, कोणत्याही खऱ्या मंडळाचे नाहीत. दहा तुकड्यांतून निघालेले सोयाबीन किलोमध्ये असे:

४.१, ६.३, ५.०, ७.२, ३.६, ५.८, ४.७, ६.६, ५.४, ४.३

बेरीज ५३, सरासरी ५.३ किलो. तुकडा ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तेव्हा किलोच्या आकड्याची दुप्पट केली की हेक्टरी क्विंटल मिळतात. सरासरी आली हेक्टरी १०.६ क्विंटल. उंबरठा १०.५ क्विंटल धरू. सरासरी उंबरठ्याच्या वर आहे. भरपाई शून्य.

वर्गात लगेच कुजबुज सुरू झाली. मुलांना न सांगता कळले होते की खुंटी दोन-चार ठिकाणी दुसरीकडे ठोकली गेली असती, तर हा आकडा सहज १०.२ किंवा ११ आला असता. प्रश्न इतकाच की तो किती हलला असता?

याचे उत्तर त्या दहा आकड्यांतच दडलेले आहे ही संख्याशास्त्रातली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट आहे. तुकड्यातुकड्यात फरक जितका मोठा, तितकी सरासरीही जास्त हलणार. सरासरीपासूनची अंतरे काढली, त्यांचे वर्ग केले, वर्गांची बेरीज केली, तर ती १२.३४ येते. तिला ९ ने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन सुमारे १.१७ किलो. हे झाले एकेका तुकड्याचे हलणे. दहांच्या सरासरीत जास्त-कमी एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात, म्हणून सरासरी त्याहून कमी हलते. किती कमी? दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे ३.१६ ने, भागावे इतकी. उत्तर ०.३७ किलो. याला सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणतात. 'त्रुटी' म्हणजे कोणाची चूक नव्हे, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

आता या ०.३७ ला एका संख्येने गुणायचे आणि येईल ते सरासरीच्या दोन्ही बाजूंना मांडायचे. तुकड्यांचे खरे प्रमाण विचलन आधीच ठाऊक असते, तर ९५ टक्क्यांसाठी ती संख्या १.९६ असती. पण ते आपण याच दहा आकड्यांवरून अंदाजले आहे, त्यामुळे तेही डळमळीत. त्याची भरपाई म्हणून पट्टी थोडी रुंद ठेवावी लागते. दहा आकड्यांसाठी १.९६ च्या जागी २.२६ घ्यायचे. ही युक्ती डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेट यांची. १९०८ साली त्यांनी ती 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. थोड्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यायची पाळी त्यांच्यावर रोज येत असे.

०.३७ ला २.२६ ने गुणले की ०.८४. म्हणजे पट्टी ४.४६ ते ६.१४ किलो. हेक्टरी सांगायचे तर ८.९ ते १२.३ क्विंटल. इंग्रजीत ज्याला ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात, तो विश्वास अंतराल म्हणजे ही पट्टी. उंबरठ्याचा १०.५ हा आकडा तिच्या जवळजवळ मधोमध बसला आहे. मंडळाची खरी सरासरी ९.५ असणेही या दहा आकड्यांशी अगदी सुसंगत आहे. तसे असेल तर तूट एक क्विंटल, उंबरठ्याच्या साडेनऊ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, तर प्रत्येक हेक्टरमागे सुमारे ४,७६० रुपये मिळायला हवे होते. मिळाले शून्य. उलटही होऊ शकते. खरी सरासरी ११.५ असताना प्रयोगांतून १० येईल आणि नुकसान नसताना पैसे वाटले जातील. पट्टी दोन्ही बाजूंना पसरते. ती शेतकऱ्याच्या बाजूची नाही, की कंपनीच्याही.

इथवर मुले बरोबर येतात. अडखळतात ती पुढच्या प्रश्नावर, आणि खरे सांगायचे तर आपण शिक्षकही तिथेच अडखळतो. ९५ टक्के विश्वास म्हणजे नेमका कशावर?

बहुतेकांच्या तोंडून येणारे उत्तर असे: 'खरी सरासरी ८.९ आणि १२.३ च्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.' ऐकायला बरोबर वाटते. पण ज्या विचारातून ही पट्टी निघाली, त्यात हे वाक्य बसत नाही. मंडळाची खरी सरासरी ही एक ठरलेली संख्या आहे. आपल्याला ती ठाऊक नाही इतकेच. ती या पट्टीत आहे किंवा नाही. जत्रेत खुंटीवर कडे टाकायचा खेळ असतो. खुंटी जागची हलत नाही, हलते ते कडे. ९५ टक्के हा गुण कडे टाकणाऱ्या हाताचा आहे, जमिनीवर पडून राहिलेल्या एखाद्या कड्याचा नव्हे.

ही गोष्ट सांगून पटत नाही, खेळून पटते. वर्गासाठी एक खेळ देतो. सारख्या आकाराच्या १०० चिठ्ठ्या करा. ६ चिठ्ठ्यांवर ३.२ लिहा, २४ वर ४.२, ४० वर ५.२, २४ वर ६.२ आणि ६ वर ७.२. या शंभर तुकड्यांची खरी सरासरी नेमकी ५.२ आहे. ती फक्त तुम्हाला ठाऊक. चिठ्ठ्या डब्यात घालून डबा वर्गात फिरवा. प्रत्येकाने एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची, डबा हलवायचा. असे दहा वेळा. मग ज्याने त्याने आपल्या दहा आकड्यांवरून वरच्याप्रमाणे पट्टी काढायची. फळ्यावर आडवे माप आखून घ्या आणि प्रत्येकाला एकाखाली एक आपली पट्टी काढू द्या. चाळीस मुलांच्या चाळीस पट्ट्या होतील. कोणाची डावीकडे सरकलेली, कोणाची उजवीकडे. कोणाची आखूड, कोणाची लांब.

आता ५.२ वर वरून खाली एक उभी रेघ ओढा. बहुतेक पट्ट्यांना ती छेदून जाईल. सरासरीने दोन पट्ट्या हुकतील. तुमच्या वर्गात एकही हुकणार नाही किंवा चार हुकतील. परत खेळलात तर वेगळा आकडा येईल. ज्यांची पट्टी हुकली त्यांना विचारा, 'तुमचं गणित कुठे चुकलं?' कुठेच चुकलेले नसते. आणि रेघ ओढण्यापूर्वी आपली पट्टी हुकली आहे हे त्यांना कळायला काही मार्गही नव्हता. प्रत्यक्षात तर आपल्या हाती एकच पट्टी असते आणि रेघ कोणी ओढून दाखवत नाही.

हा विचार इतक्या स्वच्छ रूपात प्रथम मांडला तो येझी नेमान या पोलिश गणितज्ञाने, १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात. विषय नमुना पाहणीचाच होता. तिथे हजर असलेल्या आर्थर बाउली या ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञाने हा 'विश्वास' म्हणजे विश्वासात घेऊन फसवण्याचा प्रकार तर नव्हे ना, अशी शंका बोलून दाखवली. त्यांची अडचण तीच होती, जी आपल्या अकरावीच्या वर्गाची असते. मला पद्धतीचे गुणगान नको, हाती आलेल्या या आकड्याबद्दल बोला. नेमान यांचे म्हणणे असे की तेवढेच सांगता येत नाही. जे सांगता येते ते मी सांगतो.

त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते तिथे गेले होते आणि नमुना पाहणीच्या याच सिद्धांतावर १९३५ साली त्यांनी निबंध लिहिला. परत आल्यावर ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पुढे त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणीच्या पाहण्यांची पद्धत बसवण्यात मोठा वाटा उचलला. आपल्या त्या मुलीच्या शेजारच्या शेतात पडलेली दोरी म्हणजे या कामाचाच पुढचा धागा.

याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पाहण्या चालू होत्या. त्यांची पद्धत लहान तुकड्यांची. काही फूट त्रिज्येची वर्तुळे आखायची, पण पुष्कळ ठिकाणी. पट्टी अरुंद करायची तर नमुने वाढवायला हवेत आणि लहान तुकडे झटपट कापून होतात. हिशेब बिनचूक वाटतो. सुखात्मे यांचा आक्षेप असा की लहान तुकड्यातून उत्पादन फुगून दिसते. १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी तो मांडला.

फुगते ते कसे, हे वहीवर करून पाहता येते. दोन फूट, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्या. कडेवर उभ्या असलेल्या रोपांचे काय करायचे? कापणाऱ्याचा हात बहुधा ती आत घेतो. समजा, त्यामुळे त्रिज्या नकळत ३ सेंटिमीटरने वाढली. ६० च्या जागी ६३. क्षेत्रफळ वाढले १० टक्क्यांनी. आता १० मीटर गुणिले ५ मीटरच्या तुकड्यात चारी बाजूंनी तेवढेच ३ सेंटिमीटर वाढवा. क्षेत्रफळ होते ५०.९ चौरस मीटर. वाढ दोन टक्क्यांहूनही कमी. चूक तीच, हातही तोच, पण लहान तुकड्याला कडच फार. लहान तुकड्यांत हा धोका असतो हे महालनोबीस यांच्या मंडळींनाही दिसले होते. वाद होता तो किती लहान म्हणजे फार लहान, आणि हे काम खास शिकवलेल्या फिरत्या पथकाने करायचे की गावोगावच्या महसुली नोकरांनी, यावर. वाद पुष्कळ वर्षे चालला आणि दोन्ही बाजूंना खंदे लोक होते. माझा कल सुखात्मे यांच्याकडे झुकतो. त्याचे कारण चिठ्ठ्यांच्या खेळातच आहे.

तोच खेळ पुन्हा खेळा. या वेळी मुलांना सांगा की काटा नादुरुस्त आहे, किलोला शंभर ग्रॅम जास्त दाखवतो. प्रत्येक आकड्याला १.१ ने गुणायचे आणि मग पट्टी काढायची. रेघ मात्र ५.२ वरच ओढायची, कारण पीक काही वाढलेले नाही. आता चाळीसपैकी दहा-अकरा पट्ट्या हुकतील. यानंतर चार-चार मुलांचे गट करा आणि गटाने आपले आकडे एकत्र करून पट्टी काढायची. दहा गट, प्रत्येकाकडे ४० आकडे. गुणायची संख्या आता २.०२ आणि भागायची ४० च्या वर्गमूळाने, ६.३२ ने. पट्ट्या निम्म्याहून आखूड होतील. वर्गाला वाटेल, आता निशाणा नेमका लागणार. रेघ ओढा. दहापैकी आठ-एक पट्ट्या हुकलेल्या दिसतील.

नमुना वाढवला की पट्टी आखडते. पण काटा खोटा असेल तर ती खोट्या जागेभोवती आखडते. सूत्रातले ९५ टक्के फक्त खुंटी कुठे पडली या योगायोगाचा हिशेब ठेवतात. ओले सोयाबीन तोलले, दोरी सैल धरली, अंक सांगतो ती जागा सोडून बांधाजवळची सोयीची जागा घेतली, यातले सूत्राला काहीच कळत नाही. अशा एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीला अभिनती म्हणतात. ती पकडायला कोष्टक नाही. त्यासाठी शेतात उभे राहून पाहावे लागते. त्या मुलीला मी म्हटले, पुढच्या वेळी शेजारी प्रयोग झाला तर नुसती बघ्यांत उभी राहू नकोस. खुंटी अंकावरून ठोकली का, कडेच्या रोपांचे काय केले आणि दाणे वाळवून त्यातल्या ओलाव्याचा हिशेब धरला का, एवढे पाहून ठेव.

योगायोगाची चूक कमी करायला मात्र नमुना वाढवण्याखेरीज उपाय नाही, आणि तो महाग आहे. आपल्या दहा आकड्यांऐवजी तितक्याच विचलनाचे ४० आकडे असते, तर पट्टी १०.६ च्या दोन्ही बाजूंना ०.७५ क्विंटल झाली असती. चौपट खर्च करून रुंदी निम्म्याच्या जराशी खाली. तरीही १०.५ आतच. उंबरठ्याच्या इतक्या जवळ आलेल्या मंडळाचा निकाल चाळीस प्रयोगांनीही लागत नाही. याउलट सरासरी ६ क्विंटल आली असती, तर दहा प्रयोगही पुष्कळ होते. नियमाला ही पट्टी दिसत नाही. तो एकच आकडा पाहतो आणि १०.६ व १०.५ यांची तुलना करून मोकळा होतो. कुठेतरी रेघ ओढावीच लागते हे मान्य. पण सरासरीबरोबर पट्टीही जाहीर झाली, तर निकाल कुठे पक्का आहे आणि कुठे नाणे उडवल्यासारखा आहे ते गावाला निदान दिसेल.

तिसऱ्या तासाच्या शेवटी त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. 'सर, तो साडेदहाचा उंबरठा तरी कशावरून काढला?'

मागच्या वर्षांच्या सरासऱ्यांवरून. आणि त्या सरासऱ्या त्या त्या वर्षीच्या कापणी प्रयोगांवरून.

'मग त्यालाही पट्टी असणार ना?'

असणार. सोपे जावे म्हणून समजा, उंबरठा म्हणजे पाच वर्षांची साधी सरासरी, आणि दर वर्षी दहाच प्रयोग, विचलनही इतकेच. एका वर्षाची प्रमाण त्रुटी हेक्टरी ०.७४ क्विंटल, पाच वर्षांच्या सरासरीची ०.३३. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचे. यंदाचे उत्पादन आणि उंबरठा यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी आली ०.८१ क्विंटल. आपण ज्या फरकावर भरपाई नाकारली, तो होता ०.१.